अमावास्येला, अकरा वाजता

भरती काही साहेबांना विचारून येत नाही, एवढी साधी गोष्ट तालुक्याच्या कचेरीत कुणाच्या डोक्यात शिरली असेल तर शपथ! सुचिता तीनदा फोन करून थकली. रेवदंड्याच्या खाडीकाठच्या प्राथमिक शाळेत ती दर गुरुवारी पर्यावरण शिकवायला यायची. मुलांनी पाच महिने दुधाच्या पिशव्यांत तिवराची चाळीस रोपं जिवापाड वाढवली होती, खाडीच्या चिखलात लावायला. आणि लागवडीला कचेरीतल्या साहेबांनी दिवस दिला अमावास्येचा, वेळ सकाळी अकराची.

सुचिता माणगावकडची, भातशेतीवाल्यांची. भरती-ओहोटी तिला पुस्तकातली. घोळ दाखवला तो चौथीतल्या प्राप्तीनं. तिचे वडील होडीवर जातात. "बाई, आवसेला अकराला पानी बांधाला लागतं. लावनार कुठं?" सुचितानं मुलांना शब्द दिला, मी साहेबांना सांगते, ते ऐकतील. कचेरीतून उत्तर आलं, बॅनर छापून झालाय.

साहेब आले तेव्हा पाणी बांधाला टेकलेलं होतं. मग साहेबांनीच तोड काढली, शाळेच्या पटांगणात लावा की! खाऱ्या चिखलातलं झाड मुरमात जगत नाही हो, सुचितानं हात जोडून सांगितलं. साहेब म्हणाले, मॅडम, पाणी घालत जा. झालं! चाळीस खड्डे, चाळीस रोपं, पहिल्या रोपाशी साहेबांच्या नावाची पाटी, फोटो, वडापाव, आणि गाडी गेलीसुद्धा. वर फर्मान, दर महिन्याला रोपांचा इथलाच फोटो पाठवायचा, नाहीतर पुढच्या वर्षी तुमच्या जागी दुसऱ्या बाई बघू.

सुचिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांचा राग होताच, पण स्वतःचा त्याहून जास्त. खड्ड्यांत रोपं धरून द्यायला तीच तर वाकली होती. मुलांतून प्राप्ती तेवढी म्हणाली, "बाई, तुमी तर बोललात, ते ऐकतील म्हनून."



पाचला शाळा सुटली. पाणी उतरून चिखल उघडा पडला होता. मुलं दप्तरं उचलून निघाली, तशी सुचितानं पदर खोचला, पाटीजवळ बसली आणि हातानं माती उकरून साहेबांचं रोप मुळांसकट वर काढलं. हेडमास्तर धावत आले. अहो बाई, फोटो मागतील, तुमच्यावरच शेकेल.

"मागू देत," रोप प्राप्तीच्या ओंजळीत ठेवत ती म्हणाली. "फोटो हवा असेल तर ओहोटीला या म्हणावं."