बासष्टाव्या इमारतीचा आवाज

दाराची वरची कडी पहिल्याच घावाला उपटली आणि स्क्रूसकट माझ्या पायाशी येऊन पडली. तेवढ्या वेळात मी ठमीला टेबलाखाली ढकललं. दुसरा घाव बसला आणि बिजागरीजवळची फळी उभी चिरली. फटीतून आधी पहारीचं टोक आत आलं, मग एक डोळा.

"बाहेर ये! बायकोच्या मागं लपतोस होय रे?"

"लपलो नाहीये," आतल्या खोलीतून नवरा म्हणाला. "उघडतोच आहे. दार तोडू नका, पोरगी घाबरतेय."

हे असं त्याचं बोलणं. पहार घेऊन जिवावर उठलेल्या माणसालाही हा अहो-जाहो करणार.

दारापलीकडे फवाऱ्याचा थोरला भाऊ होता. फवारा ढिगाऱ्याखाली सापडला त्याला त्या दिवशी अकरा दिवस झाले होते.

माझा नवरा पाडकामाच्या मशीनवर होता. लांब हाताचं, पुढं लोखंडी जबडा असलेलं ते मशीन जुन्या इमारती वरून खाली खात येतं. लग्न ठरलं तेव्हा कॉलेजातल्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, "शोधून शोधून घर मोडणाराच केलास होय गं!" घरात मात्र तो पाण्याचा पेलासुद्धा आवाज न करता ठेवतो. त्याला नाद एकच. केबिनच्या काचेला जुना मोबाइल चिकटवायचा, स्पीकरवर गाणं लावायचं आणि इमारत पडताना शूट करायची. गाण्याच्या ठेक्यावर भिंत आणायची. "कडवं संपतं तिथं गच्ची खाली आली पाहिजे," असं तो म्हणायचा आणि खरंच आणायचा. पाच वर्षांत एकसष्ट इमारती आमच्या चॅनेलवर चढल्या. बघणारे किती, तर तीस-चाळीस. त्यातले निम्मे कामावरचेच.

प्रत्येक व्हिडिओत उजव्या कोपऱ्यातून पाण्याची धार यायची. तो फवारा. धूळ बसावी म्हणून पाइप धरून उभा राहायचं हे त्याचं काम. त्याचं खरं नाव कामावर कुणी घेत नव्हतं. व्हिडिओत त्याची फक्त उजवी बाही दिसायची, कायम ओली.

"माझं थोबाड कधी घेणार रे हिरो?" एकदा घरी आला तेव्हा तो नवऱ्याला म्हणाला होता.

"थोबाड घेतलं तर आहेत ते तीसपण पळून जातील. तुझी बाहीच बरी."

तेव्हा फवारा इतका हसला होता की ठमी दचकून रडायला लागली.

गाणी अर्थात कुणाच्या ना कुणाच्या मालकीची. त्यांचे मेल यायचे, इंग्रजीतून, आणि ते वाचायचे मी, कारण पदवी माझ्याकडे होती. पहिली ताकीद आली तेव्हा नवरा गोंधळलाच.

"अगं, मी काय गाणं विकतोय का? ते केबिनमध्ये वाजतंय. मी तिथं काम करतोय."

"ते त्यांना कुठं माहितीये? तिकडं माणूस नाहीच. मशीन ऐकतं आणि मशीनच पत्र पाठवतं."

"मग कळव की त्याला, मीपण मशीनवालाच आहे."

दुसरी ताकीद आली तेव्हा तो हसला नाही. तिसरीला चॅनेल कायमचं बंद होणार होतं, म्हणजे एकसष्टच्या एकसष्ट इमारती पुसल्या जाणार होत्या. मी म्हटलं, गाणं लावू नकोस. तो म्हणाला, गाण्याशिवाय हात चालत नाही.

बासष्टावी इमारत म्हणजे एक तीन मजली जुनं वसतिगृह. शनिवारी पाडलं, संध्याकाळी व्हिडिओ चढवला. आमचा मोबाइल लहान, म्हणून नियम ठरलेला होता. चढवून झालं की मूळ फाइल पुसायची, पुढच्या इमारतीला जागा करायची. पुसायचं कामही माझंच. मी पुसली.

ठमी तेव्हा अडीच वर्षांची. 'पप्पांचं धडाम' लावल्याशिवाय ती तोंड उघडायची नाही. लहान मुलांना जेवताना स्क्रीन दाखवू नये हे मी चार ठिकाणी वाचलं होतं. पण दवाखान्यातल्या वजनाच्या तक्त्यावर तिचा ठिपका सगळ्यात खालच्या रेषेला टेकलेला होता आणि तो ठिपका मला स्वप्नात दिसायचा. म्हणून मी लावायचे. शनिवारी रात्रीच्या जेवणाला, रविवारी दिवसभर, सोमवारी तीन वेळा, तेच वसतिगृह. ती डोळे न मिटता बघायची आणि मी घास भरवत राहायचे.

मंगळवारी दुपारी मेल आला. तिसरा. गाणं काढा, नाहीतर सात दिवसांत चॅनेल बंद. खाली दोन पर्याय होते. एक, फक्त गाणं काढायचं. त्याला बरेच तास लागतील आणि ते नीट निघेलच असं नाही. दुसरा, सगळा आवाज काढायचा, लगेच. माझा उजवा हात खरकटा होता, ठमी ओरडत होती. मी डाव्या अंगठ्यानं दुसरा दाबला. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं की हा बदल परत घेता येणार नाही. ते मी वाचलं होतं. वाचलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

फवारा सोमवारपासून कामावर नव्हता. सगळ्यांना वाटलं, रविवारच्या सुट्टीला थोरल्याकडं गेला आणि तिकडंच रमला. बुधवारी मलबा उचलताना जिन्याखाली तो सापडला. पाण्याचा मुख्य नळ तिथंच होता. नळ फिरवायची चावी त्याच्या मुठीत होती.

माणसांनी नवऱ्याला केबिनमधून खाली ओढलं. कुणी हेल्मेटनं मारलं, कुणी बुटानं. रोज डबा वाटून खाणारी माणसं. दोन दात गेले, डाव्या कानातून रक्त आलं. आणि ज्याच्या इशाऱ्यावर इमारत पाडायची तो मुकादम छाती बडवून सांगत होता, "मी थांब थांब म्हणून घसा फोडला हो! ह्याचं आपलं गाणं चालू. ह्याला ऐकू जातंय कुठं!"

दोन दिवसांनी पोलिसांनी त्याला घरी सोडलं. सुजलेल्या तोंडानं तो पहिलं वाक्य बोलला ते, "मोबाइल आण. मी विचारलं होतं मुकादमाला, आत नीट बघितलं का म्हणून. पाड म्हणाला तोच. व्हिडिओत सगळं आहे."

मी मोबाइल आणला नाही. उभ्या उभ्याच सांगितलं.

त्यानं मला बोटही लावलं नाही. तो भिंतीकडं वळला आणि कपाळ आपटलं. एकदा. मग पुन्हा. तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा भिंतीवर ओला डाग उमटला आणि मी मध्ये हात घातला तर हाताची बोटं चेंगरली. आयुष्यभर भिंती पाडणारा माणूस, आणि ही आमची भिंत मात्र हलली नाही.

मी त्या व्हिडिओच्या साइटला पत्रं लिहिली. एक माणूस मेला आहे, मूळ आवाज आम्हाला परत हवा आहे. चार पत्रांनंतर दोन ओळींचं उत्तर आलं. आपली तक्रार मिटली आहे, चॅनेल सुरक्षित आहे, अभिनंदन. त्याच दुपारी ठमी ताटलीसमोर बसून "पप्पांचं धडाम" म्हणाली आणि मी तिच्या थोबाडीत मारली. पाचही बोटं उठली. माझ्याच लेकीला मी एका माणसाच्या मरणावर घास भरवत होते, आणि मार मात्र तिनं खाल्ला.

आता दार पडलं. थोरला आत आला. फवाऱ्यासारखाच बुटका, रुंद, पण हसऱ्या चेहऱ्यावरचं हसू कुणी खरवडून काढावं तसा.

"माझ्या भावाला गाडलंस. गाण्यावर नाचत गाडलंस."

"मी विचारलं होतं मुकादमाला."

"मुकादम सांगतो, नाही विचारलं!"

पहार आडवी फिरली. नवऱ्यानं हात वर केला नाही. गळ्याजवळचं हाड मोडलं, त्याचा आवाज मला ऐकू आला, वाळकी काटकी मोडावी तसा. तो गुडघ्यावर बसला. मी स्टूल उचलून थोरल्याच्या पाठीत घातलं. त्यानं मागं न बघता कोपर मारलं, माझ्या तोंडात रक्ताची चव आली. मी त्याच्या मनगटाला दात लावले आणि सोडले नाहीत. आपण असं काही करू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"सोड बाई! तुझ्याशी माझं भांडण नाही!"

"आहे! माझ्याशीच आहे! आवाज मी काढला! त्यानं विचारल्याचा आवाज होता त्यात, तो मी पुसला!"

तो थांबला. त्याला काही कळलं नव्हतं, पण पहार अर्ध्यावर राहिली. मी मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरला आणि लावला व्हिडिओ. वसतिगृह उभं होतं. खाली मुकादम मान वर करून हात हलवत होता. थांब म्हणतोय की चल म्हणतोय, काहीच कळत नव्हतं.

"हे मुकं काय दाखवतेस मला?" त्यानं मोबाइल हिसकावला. "ह्यात माझ्या भावाचा न्याय कुठाय?"

तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला.

ठमी पोटावर सरपटत पुढं आली होती आणि त्याच्या हातातल्या पडद्याकडं खालून बघत होती. रोजची जेवणाची वेळ झाल्यासारखी. आधी ती गाण्याची चाल गुणगुणली. मग आवाज जाड करून, अगदी बापासारखा, म्हणाली, "आत नीत बघितलं का?"

पडद्यावर मुकादमानं तोंड उघडलं.

"बघितलं बघितलं," ठमी त्याच्या तोंडाला तोंड मिळवत म्हणाली. "कोनी नाई. पाड पाड!"

पडद्यावर मुकादमाचा हात खाली आला. मशीनचा जबडा पुढं गेला.

"धडाम," ठमी म्हणाली आणि घासासाठी तोंड उघडून बसली.

दारातून शेजारी डोकावत होते. थोरला हळूच खाली बसला. त्यानं मोबाइल माझ्याकडं दिला.

"परत लाव."

मी परत लावलं. ठमीनं परत सगळं म्हटलं, त्याच जागी, त्याच शब्दांत. तिसऱ्यांदाही. आम्ही कुणी तिला ते शिकवलं नव्हतं हे त्याला सांगावं लागलं नाही. चौथ्यांदा लावायला तो म्हणाला नाही. पहारीवरची त्याची बोटं सैल झाली होती. एवढ्यावर सगळं मिटलं असतं.

पण नवरा भिंतीला टेकून, मोडका खांदा दुसऱ्या हातानं धरून म्हणाला, "पाण्याची धार नव्हती."

"गप्प बस," मी म्हटलं.

"नाही. त्यांना कळू दे." तो थोरल्याकडं बघत होता. "मी विचारलं, तो हो म्हणाला, हे खरंय. पण उजवीकडून पाणी येत नव्हतं. एकसष्ट वेळा आलं, त्या दिवशी आलं नाही. मी बघितलं असतं तर थांबलो असतो. माझं लक्ष गाण्याकडं होतं. कडवं संपत आलं होतं."

मला वाटलं, आता पहार डोक्यात बसणार. मी डोळे मिटून घेतले.

थोरल्यानं पहार भिंतीला टेकवली. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "धार असलेला आहे का एखादा?"

मी अठ्ठेचाळिसावी इमारत लावली. उजव्या कोपऱ्यातून धार आली, उन्हात चमकली, आणि क्षणभर ती बाही दिसली. कोपरापर्यंत ओली. थोरल्यानं अंगठ्यानं पडद्यावरची ती बाही पुसली, धूळ असल्यासारखी.

"लहानपणापासून असाच," तो म्हणाला. "तोंड धुताना बाही भिजवायचा. आई रोज मारायची."

पोलिसांनी ठमीचं म्हणणं लिहून घेतलं नाही. ते कोण लिहून घेणार? थोरला स्वतः चौकीत गेला, मी ऐकलंय म्हणाला, तर त्यालाच वेड्यात काढलं. मुकादम दुसऱ्या कामावर लागला. केस चालू आहे. चॅनेल आम्हीच बंद केलं, पण त्याआधी अठ्ठेचाळिसावी इमारत थोरल्याच्या मोबाइलवर उतरवून दिली, आवाजासकट.

हाड सांधायला तीन महिने लागले. नवरा परत पाडकामावर गेला, पण केबिनमध्ये चढला नाही. नव्या ठेकेदारानं विचारलं, मशीन चालवता येत असून पाइप कशाला धरतोस? हा पाइप उचलून जागेवर गेला म्हणे. मशीनवाल्याला रोज सकाळी एवढंच सांगतो, "पाणी दिसलं नाही तर थांबायचं. कोण काहीही म्हणू दे."

ठमी आता पडद्याशिवाय जेवते. ठिपकाही एक रेष वर चढला आहे. संध्याकाळी तो येतो, शर्ट काढून माझ्या हातात देतो. बाकी सगळा शर्ट धुळीनं ताठ झालेला असतो. उजवी बाही मी मोरीत पिळते, आणि पाणी पडायचं थांबेपर्यंत पिळत राहते.