पोट एकाचं, दुखणं घरादाराचं

शहरातल्या दवाखान्यात नंबर पुकारला की पेशंट एकटाच यायचा, मुकाट्यानं जीभ दाखवून जायचा. गावच्या आरोग्य केंद्रात पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी "पुढचा पेशंट" म्हटलं, तर अख्खं कुटुंब आत आलं.

"आजोबा, कुठं दुखतंय?"

"बेंबीच्या वर," आजी म्हणाल्या.

"कालपासून," सून म्हणाली.

"हट्टीपणा मात्र जुना आहे," मेहुण्यानं भर घातली.

दुखणं साधं नसेल, तर आजोबांना मोठ्या इस्पितळात हलवावं लागणार होतं. डॉक्टरांनी शिस्तीत सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावलं.

"आता तुम्ही सांगा. काल काय खाल्लंत?"

"रोजचंच. दोन घास," आजोबा छताकडे बघत म्हणाले.

"खोटं!" दाराबाहेरून एकमुखानं गर्जना झाली. "व्याह्यांकडे चारदा वाढून घेतलं!"

"पाचदा," आजोबा ओशाळून म्हणाले, "एकदा ही हात धुवायला गेली होती."

डॉक्टरांनी पोट नीट दाबून पाहिलं, हसू दाबत पाचक औषध लिहिलं आणि दार सताड उघडून शिपायाला हाक मारली, "आत एक बाक आणा हो. लांबलचक बघा!"