अकरा जणांची जागा

"फोटो लावा ना बाई," म्हाताऱ्याने तिसऱ्यांदा म्हटलं.

"लावते काका. मशीन उठत नाहीये. बसा जरा."

म्हातारा बसला नाही. टेबलाच्या कडेला हात टेकून उभाच राहिला. पडदा काळाकुट्ट, वर कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांची एक ओळ. सकाळी वीज जाऊन आली तेव्हापासून कॉम्प्युटरचं घोडं तिथेच अडलं होतं.

शवागाराला लागून असलेल्या या खोलीत ती एकोणीस वर्षं बसत होती. नवरा याच हॉस्पिटलात वॉर्डबॉय होता. तो तडकाफडकी गेला आणि त्याच्या जागी तिला लावून घेतलं. बेवारस मयत आलं की फोटो काढायचा, नंबर द्यायचा, कोणी शोधत आलं की फोटो दाखवायचा. सात दिवस वाट बघून गाडी मयत घेऊन जायची. मग उरायचा तो फोटोच. सगळे तिला फोटोबाई म्हणत. सुरुवातीला तिला ते लागायचं, पुढे अंगवळणी पडलं.

म्हाताऱ्याचा मुलगा घरातून गेल्याला नऊ दिवस झाले होते.

तिने कॉम्प्युटर विभागातल्या माणसाला फोन लावला. तो रजेवर होता, तरी त्याने उचलला.

"नाव, पासवर्ड टाकलात? आता इंग्रजीत 'स्टार्ट' लिहा, त्याला चिकटून 'एक्स'. मग एंटर. चित्रांचा पडदा येईल."

पडदा एकदा लुकलुकला आणि पुन्हा काळा झाला. खाली ओळींची रांग लागली. शेवटची ओळ तिने अक्षर लावून वाचून दाखवली.

"डिस्क भरलीये, ताई. पडदा उघडताना मशीनला दोन ओळी लिहून ठेवाव्या लागतात. तेवढीही जागा नाही. काहीतरी उडवा."

"काय उडवू? फोटोंशिवाय आहेच काय यात?"

"फालतू होतं ते मी मागच्याच महिन्यात साफ केलंय. दहा वर्षांपेक्षा जुने फोटो काढून टाका अशी ऑर्डर आहे. तुम्हीच हात लावत नाही."

"दुसरीकडे कुठे ठेवता नाही येणार?"

"पेनड्राइव्ह बंद केलेत वरून. नवी डिस्क मागितलीये, येईल तेव्हा येईल. यादी बघायची आणि उडवायची ओळ सांगतो, लिहून घ्या. सगळ्यात जुना महिना उडवा आणि तोच शब्द पुन्हा टाका."

फोन ठेवून ती म्हाताऱ्याकडे वळली. "काका, उद्या जमेल का यायला?"

"परवा पोलीस स्टेशनात बसलो. काल दुसऱ्या दोन हॉस्पिटलांत," तो म्हणाला. "घरी गेलो की ही दारातच उभी असते. आज काय सांगू तिला, मशीन बंद होतं?"

तिने सगळ्यात जुन्या महिन्याची यादी मागवली. अकरा नंबर आले. काळ्या पडद्यावर चेहरा दिसण्याची सोय नव्हती, नुसते आकडे. यांच्यासाठी कधी कोणी आलं नव्हतं. पण म्हणून कोणी येणारच नाही, असं तिने आजवर एकदाही मनाशी म्हटलं नव्हतं.

सांगितलेली ओळ तिने एकेक अक्षर बघत टाइप केली आणि एंटर दाबलं. मशीनने काही विचारलं नाही. अकराही गेले.

मग तिने तो शब्द पुन्हा टाकला. या वेळी पडदा निळा झाला, मधोमध बाण आला. नऊ दिवसांतले फोटो तिने एकामागून एक लावले. चौथ्याला म्हाताऱ्याने हात वर केला.

तो पडद्याजवळ वाकला.

"केस कोणी विंचरले?"

"मी. फोटो काढायच्या आधी विंचरते."

"भांग दुसऱ्या बाजूने पाडायचा तो."

"मला माहीत नव्हतं, काका."

"तुम्हाला कसं माहीत असणार." त्याने डोळे पुसले नाहीत, नाकावरून नुसता तळवा फिरवला. "चला. कुठे ठेवलाय? घेऊन जातो त्याला."

हे वाक्य तिला नवं नव्हतं.

"परवा गाडी घेऊन गेली. सात दिवसांवर ठेवत नाहीत."

आता म्हातारा बसला. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला, दफनाच्या जागेचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला, तिथे कोणाला विचारायचं तेही सांगितलं. त्याने चिठ्ठीची चार वेळा घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"फोटो काढून देऊ का एक? घरी दाखवायला?"

त्याने पडद्याकडे पाहिलं. "नको. असा भांग बघून ही म्हणेल, हा आपला नाहीच. पुन्हा दारात उभी राहील."

तो गेल्यावर तिने नव्या नोंदीत नंबरापुढे मुलाचं नाव भरलं. मग ड्रॉवरमधून कोरी वही काढली आणि उडवलेले अकरा नंबर आठवून आठवून लिहिले. एकेकापुढे, आठवेल तेवढं माणूस. 'बाई, साठीच्या पुढची, हनुवटीवर गोंदण.' 'एका पायात चप्पल.' 'पोरगेलासा, नखांना रंग लागलेला, रंगारी असेल.' 'हसल्यासारखा.'

सातव्यापाशी पेन थांबलं. बाई की पुरुष, तेही आठवेना. डोळे मिटून पाहिलं, खिडकीपाशी उभी राहून पाहिलं. बाहेर जेवणाची सुट्टी झाली होती, कोणीतरी तिला हाक मारून गेलं.

ती परत येऊन बसली. सातव्या नंबरापुढे तिने दोन ओळी कोऱ्या सोडल्या आणि आठवा लिहायला घेतला.