याकूबच्या कमरेइतकी मेणबत्ती

मी कोपरीचा लिओ. भात पिकवतो आणि उरल्या वेळात ठाण्याच्या खाडीत जाळं टाकतो. भरती-ओहोटीबद्दल कुणी मला शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. या डोक्यापायी गेल्या डिसेंबरात मी पोरीचा नवस बुडवायला निघालो होतो.

आमची क्लेमेंटिना आठ वर्षांची. देवीच्या आजारातून ती उठली, तेव्हा माझ्या बायकोनं, सुझानानं, नवस बोलला होता, की पोरीच्या उंचीची मेणबत्ती गोव्याला सेंट फ्रान्सिसपुढे लावीन. या सायबाचं जपून ठेवलेलं शरीर कित्येक वर्षांनी एकदा दर्शनाला ठेवतात, आणि ते दर्शन त्याच महिन्यात होतं. म्हणून आम्ही तिघं मुंबईला आगबोटीवर चढलो.

जागा मिळाली ती नेमकी धुरांड्याजवळ. दुपारपर्यंत मेणबत्ती मऊ पडून वाकायला लागली.

"असला वाकडा नवस कसा नेऊ मी सायबापुढं?" सुझाना रडकुंडीला आली.

तेवढ्यात बोटीनं जंजिऱ्यासमोर नांगर टाकला. माल उतरेपर्यंत किल्ला बघायला होड्या सुटत होत्या. आत सावली असणार, असं म्हणून मी दोघींना घेऊन निघालो.

चहूकडून समुद्र, त्यात उभा तट, आणि तटाच्या आत चक्क गाव! घरं, कोंबड्या, तोफेच्या सावलीत बसलेली शेळी. मधोमध मोठा तलाव. त्याच्या गार दगडावर आम्ही मेणबत्ती सरळ करून ठेवली. क्लेमेंटिना ओंजळीनं पाणी प्यायली आणि ओरडली, "बाबा, समुद्रात गोड पाणी!" मलाही फार बरं वाटलं.

होडीवाला हाका मारत आला. "चला, पाणी उतरतंय."

मी बोटांवर तिथी मोजली. काल अमावास्या झालेली. "अजून तासभर पाणी हलायचं नाही," मी म्हटलं. "मला नको सांगू, मी खाडीवरचा माणूस आहे."

"अवो, चला ना, तो हितलाच हाये," सुझाना म्हणाली. मी तिच्यावरही खेकसलो. होडीवाला बाकीच्यांना घेऊन निघून गेला.

माझा हिशेब बरोबर होता, पण ठाण्याचा. आमच्या खाडीत भरतीचं पाणी वळणं घेत येतं. उशिरा चढतं, उशिराच उतरतं. इथे उघड्या समुद्रावर ओहोटी कधीच लागली होती. आम्ही दरवाजात आलो तर पायऱ्यांखाली शेवाळलेले खडक उघडे पडलेले, आणि एकही होडी नाही. बोटीनं भोंगा दिला. सुझाना मेणबत्ती छातीशी धरून रडायला लागली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

दरवाजाशी एक म्हातारा सिद्दी जाळं विणत बसला होता. त्यानं काय झालं ते विचारलं. सुझानानं नवसासकट सगळं सांगितलं. तो उठला, लुंगी वर खोचली, क्लेमेंटिनाला खांद्यावर बसवलं आणि मेणबत्ती तिच्या हातात दिली.

"मी याकूब. माझ्या पावलावर पाऊल टाक," तो मला म्हणाला, "आणि आता शहाणपणा नको."

खडकांवरून तो आम्हाला तटाच्या मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथे खोल पाण्यात त्याची डोंगी बांधलेली होती. त्या वयात त्यानं असं वल्हवलं की नांगर उचलता उचलता आम्ही बोटीच्या शिडीला लागलो. मी कनवटीला हात घातला तर त्यानं तो बाजूला सारला. मग आपला तळवा कमरेशी धरला.

"माझी नात एवढी होती. देवीतच गेली."

एवढं बोलून त्यानं डोंगी वळवली. मी हात जोडले.

गोव्यात सायबाच्या देवळाबाहेर मेणबत्त्यांची दुकानं होती. सुझाना थांबली. "अवो, अजून येक घ्या. येवढी." तिनं माझ्या कमरेशी हात धरला.

"याकूब उंच होता," मी म्हटलं, आणि तिचा हात चार बोटं वर सरकवला. वांग्यांच्या वाट्यासाठी भांडणारा मी, पण त्या दिवशी भाव विचारला नाही.

आत मेणबत्त्या लावून घेणाऱ्यानं नावं विचारली. एक क्लेमेंटिना. दुसरी कुणाची? नातीचं नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.

"याकूबची नात," सुझाना म्हणाली.

क्लेमेंटिनानं आधी ती पेटवली, मग स्वतःची.