भुंडे हात

एकलहऱ्याजवळच्या एका खेड्यातल्या आरोग्य उपकेंद्रात बावीस वर्षं मलमपट्टी करावी ती उज्वला सिस्टरनेच! हात असा चपळ, की तासाभरात रांग रिकामी. पण नवी सृष्टी सिस्टर आली आणि रांग तिच्या टेबलाकडे वळली. "तिच्याकडची जखम लवकर सुकते," लोक म्हणत. उज्वलाच्या जिवाची नुसती आग व्हायची.

सृष्टीचं काम सावकाश. प्रत्येक पेशंटनंतर कोपरापर्यंत हात धुवायची. लग्नाला तीन महिने झालेले, तरी कामावर आली की बांगड्या काढून ठेवायची.

"सवाष्णीचे हात असे भुंडे? लक्षण ठीक नाही," उज्वलाने बचत गटाच्या बायकांच्या कानावर घातलं. दोन दिवसांत ते सृष्टीच्या सासूपर्यंत गेलं. सृष्टी डोळे सुजवून कामावर आली. उज्वलाला आतून गार वाटलं.

त्यात ते पुंजारामबाबा! मधुमेहाचा पेशंट, पायाला जखम. उज्वलाकडे महिनाभर पट्टी केली. जखम चिघळतच गेली, पाय कापायची भाषा निघाली. सृष्टीकडे गेले आणि जखम भरू लागली.

हिच्याकडे नक्की भारीतलं मलम असणार! सृष्टी बाहेर गेलेली पाहून उज्वलाने तिचा खण उघडला. आत मलम नव्हतंच. नेलकटर, साबणाची कोरी वडी आणि रुमालात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या.

"काय घावलं, सिस्टर?" मागे दारात पुंजारामबाबा!

"काही नाही, बाबा."

"मी सांगू? डाळिंबावर तेल्या रोग आला, की आम्ही छाटताना दर झाडाला कात्री औषधात बुडवतो. नाय बुडवली, तर आपलीच कात्री सारी बाग खाती. तुमचा हात म्हंजी कात्रीच की! त्या डझनभर बांगड्यांखाली साबण कवा पोचला?"

उज्वलाने मनगटाकडे पाहिलं. बांगडीच्या कडेला कुणाच्या तरी जखमेचा पिवळा डाग सुकला होता. अरेरे! बाबांचा पाय आपणच नासवत होतो!

तिने एकेक बांगडी उतरवली आणि कोपरापर्यंत हात धुतले. संध्याकाळी तशीच सृष्टीच्या सासूपुढे जाऊन उभी राहिली.

"मावशी, हे बघा, माझेही हात भुंडे. तुमच्या सुनेबद्दल बोलले ते जळून बोलले. असल्याच भुंड्या, धुतल्या हातांनी तिनं पुंजारामबाबांचा पाय वाचवला."

बंधुभगिनींनो, सिस्टर हात धुवायला थांबली, तर कुरकुर करू नका. न धुता पुढे आली, तर अडवा. बांगड्या घरी जाताना पुन्हा घालता येतात. कापलेला पाय पुन्हा लावता येत नाही!