जागलीची बंदूक

समताला जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर मिळाला, त्याला अजून तीन आठवडेही झाले नव्हते. ढाल टीव्हीवर विराजमान होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तिच्यावरचं नाव वाचून दाखवल्याशिवाय समता पाण्याचा गिलाससुद्धा पुढे करत नव्हती. म्हणूनच पोलीस पाटील तुळशीराम दारात उभे राहिले, तेव्हा ती आधी ढालीकडेच धावली.

"ढाल राहू दे पोरी, बापाले बोलाव," ते म्हणाले. "इलेक्शन लागलं. परवान्याच्या बंदुका शुक्रवारपर्यंत ठाण्यात जमा करा लागते. यादीत तुह्या आजाचं, जानरावचं नाव हाय."

पप्पा हात पुसत बाहेर आले. "आबाले जाऊन अकरा महिने झाले, पाटील. मातीले तुम्हीच तं होते."

"मी होतो. यादी थोडीच होती? बंदूक कुठी हाय ते सांग."

कुठं आहे ते पाटलांनाही ठाऊक होतं. शेजारच्या सहदेवकाकांच्या हरभऱ्याच्या शेतात, राखणीच्या माळ्यावर.

आबांची ती ठासणीची बंदूक. पीक राखण्यासाठीचा परवाना, नाव आबांचं. पण रानडुकरं काही सातबारा वाचून शेतात शिरत नाहीत! म्हणून शिवारातल्या सात घरांनी जागल, म्हणजे रात्रीची राखण, वाटून घेतली होती. ज्याची पाळी, त्याच्या माळ्यावर बंदूक. बार नुसता दारूचा, आवाजापुरता. आबा गेले, पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि दुसऱ्याच दिवशी बंदूक पाळीप्रमाणे पुढच्या घरी गेली. आबांबरोबर त्यांचा परवानाही संपला, हे सातातल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही.

तेवढ्यात सहदेवकाकाही आले आणि पप्पांना म्हणाले, "विहिरीत टाकू बे परसेन. हरवली म्हणाचं, झालं."

"काही टाकायचं नाही!" समता मधेच उभी राहिली. "मी कायदा पाहते. दोन दिवस द्या मले."

आणि खरंच तिनं पाहिला. शाळेतून आली की दप्तर फेकून मोबाईल घेऊन बसायची. शस्त्रांचा कायदा काढला, तर तो निघाला केंद्राचा. नियम, तेही केंद्राचेच. परवाना मात्र बुलढाण्याचा, जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा. तिला वाटलं, दिल्ली आणि बुलढाणा यांच्या मधे महाराष्ट्र आहे ना, त्यानं शेतकऱ्यासाठी एखादी खिडकी ठेवलीच असेल. तिनं राज्याचे शासन निर्णय उपसले. वाकडे स्कॅन केलेले कागद मान तिरकी करून वाचले. डेटा दोनदा संपला. रानडुकराच्या नुकसानभरपाईचा अर्ज सापडला, बंदुकीच्या नूतनीकरणाची फी सापडली. जागल हा शब्द कुठंच नव्हता. सात घरांची मिळून एक बंदूक असू शकते, हे ना दिल्लीला माहीत होतं ना मुंबईला.

एक कलम मात्र कामाचं मिळालं. परवानेवाला वारला तर वारसानं शस्त्र उगाच उशीर न करता ठाण्यात जमा करावं. अकरा महिने म्हणजे उशीरच. पण उशीर का झाला ते नीट समजावून सांगितलं तर? समजावून सांगणं हे तर तिचंच खातं!

तिनं चार पानी अर्ज लिहिला. आबांचा स्वभाव, डुकरांचा उपद्रव, जागलीची पद्धत, कोणत्या वारी कोणाची पाळी, सातही घरांची नावं. शेवटी झोकात लिहिलं, 'यावरून आमचा प्रामाणिक हेतू सिद्ध होतो.'

पप्पांनी बोट ठेवून ठेवून वाचलं. "हे पाळीचं लिहाच लागते का?"

"पप्पा, खरं लिहिलं की कायद्याले आपली बाजू समजते."

त्यांनी एकदा टीव्हीवरच्या ढालीकडे पाहिलं आणि सही केली.

शुक्रवारी मोटरसायकलवर दोघांच्या मधे पोत्यात गुंडाळलेली बंदूक होती. ठाण्यातल्या जमादारांनी ती पाहिली, अर्ज घेतला, धाडकन आवकचा शिक्का मारला आणि मग वाचायला घेतला.

"अक्षर लय छान. कोणाचं?"

"माझं!" समता म्हणाली.

दुसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी समताकडे पाहिलं, मग पप्पांकडे. उठून आत साहेबांकडे गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले.

"प्रसेनजितभाऊ, बसा तिकडं. बाकीच्या सहा जणांले बोलावणं धाडलं."

"काऊन?" समताचा आवाज चिरकला.

"विनापरवाना बंदूक अकरा महिने सात जणांनी वापरली, असं तूच लिहून देल्लं ना, बाई. वारानिशी." जमादार चिडले नव्हते, हेच वाईट होतं. "नुसतं 'वडील वारले, बंदूक जमा करतो' म्हटलं असतं, तं मी जास्त इचारलं नसतं. आता साहेबानं वाचलं."

"सर, मी दुसरा लिहून देते. एकाच पानाचा. पाच मिनिटात!"

"शिक्का पडला."

तिनं कलम सांगितलं, नियम सांगितला, हेतू सांगितला. स्पर्धेत टाळ्या पडल्या होत्या तोच आवाज, तेच हात. जमादार मान हलवत ऐकत राहिले आणि रजिस्टरमध्ये नावं उतरवत राहिले, तिच्याच अर्जातून, एकेक करून.

पहिले सहदेवकाका आले. पायांना शेताची माती तशीच. ते पप्पांशेजारी बाकावर टेकले.

"माह्यं नाव कितव्या पानावर हाय, पोरी?"

"दुसऱ्या."

"बरं," काका म्हणाले आणि टोपी मांडीवर ठेवली.

ती पप्पांच्या दुसऱ्या बाजूला बाकावर बसली.

"समते," पप्पांनी हळूच विचारलं, "तुनं तं सारा कायदा वाचला. याले किती वर्षं सजा लिहेल हाय?"

तिला आकडा पाठ होता. कलमासकट.

"पाहून सांगते," ती म्हणाली आणि बंद पडलेल्या मोबाईलकडे बघत बसली.