कोकिळेचे हात

कोकिळा माझी धाकटी जाऊ. दिवाळीनंतर तिच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, मग पिंढऱ्या जळू लागल्या. मान वाकवली की पाठीतून करंट उतरतो, म्हणायची. आम्ही हसण्यावारी नेलं. एका दुपारी भाकरी उलटताना तिची बोटं तव्याला टेकली आणि टेकलेलीच राहिली. जळका वास मला आला, तिला काही कळलं नाही.

सासूबाईंनीही ते पाहिलं. आमच्या वर्धेकडे हात सुन्न म्हटला की एकच रोग मनात येतो. नाव कुणी घेतलं नाही. संध्याकाळपर्यंत तिचं ताट, पेला वेगळा झाला, अंथरूण बाहेर सपरीत गेलं, आणि तिची सहा महिन्यांची लेक गुलाब माझ्या पदराखाली आली. माझा लेकही तेव्हा अंगावर पीत होता. एका बाजूला तो, एका बाजूला ती. गुलाब रडली की पलीकडे कोकिळेची चोळी दुधानं भिजायची.

डाग तपासणारा सरकारी माणूस आला. त्यानं पिसानं, टाचणीनं सगळं अंग पाहिलं. डाग एकही नाही, नागपूरला दाखवा म्हणाला. तिचा नवरा, आमचे हरिदासभावजी, तिला सिंदी स्टेशनावरून गाडीनं घेऊन गेले.

आठ दिवसांनी परतले. भावजी ओट्यावरूनच म्हणाले, "महारोग नाई म्हने."

सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली, आळीत वाटली. कोकिळेला घरात घेतलं, पाटावर बसवलं. चुकलं माझं, असं काही त्या बोलल्या नाहीत. तिच्या भातावर तूप मात्र दोनदा वाढलं.

मी गुलाबला घेऊन जवळ गेले, तशी कोकिळा हळूच म्हणाली, "जाऊबाई, महारोगाच्या गोळ्या तरी असतात. हे नसांचं हाये. याले दवाच नाई म्हने."

मी पोर तिच्या मांडीवर द्यायला वाकले.

"खालून हात राहू द्या तुमचे."

गुलाब आधी माझ्याकडेच झेपावली. मग तिला आईचे मणी सापडले, त्यात रमली. कोकिळा लेकीकडे पाहत नव्हती. ती स्वतःच्या हातांकडे पाहत होती.

"धरली ना म्या?"

तिची बोटं उघडीच होती.

"धरली," मी म्हणाले, आणि खालचे माझे हात घट्ट केले.